युद्धावरून घरी आलेली पाती

लष्करात नोकरी केलेल्या माणसाच्या घरी एक लोखंडी ट्रंक असते. झाकणावर पांढऱ्या रंगाने नाव, हुद्दा आणि पलटणीचा क्रमांक लिहिलेला असतो. आत जुना गणवेश, पदके, निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, एखादे पिवळे पडलेले छायाचित्र, आणि कित्येकदा तळाशी, जाड कापडात गुंडाळलेले, एक पाते. ते सरकारने दिलेले नसते, बाजारातून विकत आणलेलेही नसते. ते 'तिकडून' आलेले असते. तिकडून म्हणजे कोठून, हे सांगणारा माणूस हयात असतो तोवर त्या पात्याला इतिहास असतो. तो गेला की मागे उरते ते केवळ लोखंड.

औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, हे शिपायांचे गाव आहे. मोगलांच्या दख्खनमधील मोहिमांचे ते ठाणे होते. पुढे निजामाच्या काळात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी येथे पडली आणि 'छावणी' हे शहराच्या एका भागाचे नावच होऊन बसले. १९०३ मध्ये ही कंटिंजंट भारतीय सैन्यात विलीन झाली. तिच्या वारशातून आलेली २० वी डेक्कन हॉर्स ही घोडदळाची पलटण १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये, सोमच्या लढाईत, हाय वुडच्या जंगलापाशी भाले सरसावून मशीनगनच्या काळात घोड्यांवरून चालून गेली होती. अशा गावात युद्धावरून आलेल्या वस्तूंविषयी बोलणे म्हणजे शेजारच्या घराविषयी बोलणे आहे.

पदक आणि पाते या दोहोंत एक मूलभूत फरक आहे. पदक दिले जाते, पाते घेतले जाते. पदकावर देणाऱ्याचे नाव कोरलेले असते. पात्याचा मूळ धनी मात्र बहुधा निनावी राहतो, आणि ज्या क्षणी ते एका हातातून दुसऱ्या हातात गेले तो क्षण क्वचितच कोणी लिहून ठेवतो. म्हणूनच अशा वस्तूंचा संग्रह करणे हा वरवर निरुपद्रवी दिसणारा छंद इतिहासाच्या दृष्टीने अवघड आहे. या अवघडपणाची सर्वांत ठळक उदाहरणे आपल्याच महाराष्ट्रात सापडतात.

दख्खनच्या भूमीला पात्यांची वाण कधी नव्हती. कट्यार, खंजीर, जंबिया, पेशकब्ज, बिचवा, वाघनखे ही सारी नावे मराठी माणसाच्या कानांवरून गेलेली आहेत. त्यांत 'फिरंग' हा शब्द विशेष विचार करण्याजोगा आहे. फिरंग म्हणजे फिरंग्यांच्या देशांतून आलेले सरळ, लांब पाते. पश्चिम किनाऱ्यावरील व्यापारातून युरोपातील जेनोआ, झोलिंगेन अशा ठिकाणी घडविलेली पाती येत. येथील कारागीर त्यांना आपल्या पद्धतीची मूठ बसवीत आणि मराठा सरदार ती कमरेला बांधीत. वस्तूंचे स्थलांतर ही काही आजची गोष्ट नव्हे, हे या एका शब्दातच साठवलेले आहे.

१८१८ मध्ये पेशवाई संपली. त्यानंतर साताऱ्यास इंग्रजांचा प्रतिनिधी म्हणून कॅप्टन जेम्स ग्रँट डफ हा अधिकारी राहिला. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा म्हणून त्याचे नाव प्रसिद्ध आहे. त्याचा ग्रंथ १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. तो मायदेशी परतला तेव्हा त्याच्या सामानातून वाघनखे स्कॉटलंडला गेली. पुढे त्याच्या वंशजांनी ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयास दिली. वाघनखांसोबत एक पेटी आहे आणि तिच्यावर असा मजकूर आहे की शिवाजी महाराजांनी ज्यांनी मोगल सेनापतीस मारले तीच ही वाघनखे असून पेशव्यांच्या प्रधानाने ती ग्रँट डफ यास साताऱ्यात दिली.

हा मजकूर बारकाईने पाहावा. प्रतापगडाच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी मारला गेलेला अफझलखान हा विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता, मोगलांचा नव्हे. म्हणजे पेटीवर लिहिणाऱ्याला मूळ प्रसंगच नीट ठाऊक नव्हता. प्रसंग आणि भेट यांत सुमारे १६० वर्षांचे अंतर आहे आणि त्या अवधीत ही वाघनखे कोणाकडे होती याचा पुरावा मिळत नाही. हीच ती वाघनखे असे खात्रीने सांगता येत नाही, अशी भूमिका त्या संग्रहालयानेच प्रामाणिकपणे मांडलेली आहे. जुलै २०२४ मध्ये ही वाघनखे तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात आली आणि साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात मांडली गेली, तेव्हा लोकांनी रांगा लावल्या. काही अभ्यासकांनी तेव्हा शंकाही उपस्थित केल्या. रांगेत उभ्या राहिलेल्यांची श्रद्धा खोटी नव्हती आणि अभ्यासकांची शंकाही अनादराची नव्हती. दोष असलाच तर तो त्या पेटीचा. संग्राहकाने स्वतःच्या अभिमानासाठी लिहिलेले चार शब्द दोनशे वर्षांनंतरही पुराव्याची जागा अडवून बसतात, हा या गोष्टीतला धडा आहे.

युद्धात घेतलेली वस्तू कोणाची, हा प्रश्न त्या काळीही विचारला गेला होता. कंपनीच्या फौजांत लुटीच्या मालाची मोजदाद करून हुद्द्याप्रमाणे वाटणी करण्याची पद्धत होती. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले तेव्हा असेच झाले. टिपू सुलतानाच्या शयनगृहातील म्हणून ओळखली जाणारी तलवार जनरल डेव्हिड बेअर्ड यास देण्यात आली आणि मे २०२३ मध्ये लंडनच्या लिलावात ती १ कोटी ४० लाख पौंडांना विकली गेली. पेशव्यांविरुद्धच्या युद्धातील 'दख्खन प्राइज मनी'चा वाद तर अनेक वर्षे चालला. रायगडावरील खजिन्याचे काम पाहणारे नारोबा गोविंद यांच्याकडील संपत्ती कंपनीच्या अधिकाऱ्यांनी जप्त केली. ती त्यांची खाजगी मालमत्ता होती असा दावा मुंबईच्या न्यायालयात झाला आणि तेथे तो मान्यही झाला. परंतु १८३० मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरविला. युद्धाच्या ओघात झालेली जप्ती ही साध्या न्यायालयांच्या कक्षेत येत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. तलवारीने घेतलेल्या गोष्टीचा न्याय न्यायाधीशाला करता येणार नाही, असे कायद्यानेच सांगून टाकले.

तेव्हा पुढच्या पिढ्यांना उरला तो बाजार. नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघूजी भोसले यांची म्हणून ओळखली जाणारी तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनमध्ये लिलावास निघाली, तेव्हा महाराष्ट्र शासनाने सुमारे ४७ लाख रुपयांना ती मिळविली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. तिचे पाते युरोपीय बनावटीचे आहे आणि त्यावर रघूजींचे नाव देवनागरी अक्षरांत सोन्याने भरलेले आहे. युरोपात घडलेले पाते नागपुरास आले, नागपूरहून इंग्लंडला गेले आणि पैसे मोजून पुन्हा महाराष्ट्रात आले.

१८७८ च्या शस्त्र कायद्यानंतर सामान्य हिंदी माणसाला परवान्यावाचून शस्त्र बाळगणे कठीण झाले. ज्या कट्यारी एके काळी कमरेला असत त्या काही मोडीत निघाल्या, काही अडगळीत पडल्या आणि पुष्कळशा साहेबांच्या दिवाणखान्यांच्या भिंतींवर गेल्या. १८८० मध्ये विल्ब्रहॅम एगर्टन याने हिंदी शस्त्रांची सचित्र सूची लंडनमध्ये प्रसिद्ध केली. शस्त्र वापरणाऱ्याच्या हातून गेले आणि सूची करणाऱ्याच्या हाती आले. अभ्यासाच्या दृष्टीने ही सूची आजही उपयोगी पडते हे खरे. पण तिच्यामागे एक निःशस्त्र केलेला समाज उभा आहे, हेही तितकेच खरे.

येथवर आपण 'त्यांनी नेले' असेच म्हणत आलो. पण इतिहासाचा आरसा एकाच बाजूने पाहून चालत नाही. आपल्या ख्रिस्ती वाचकांना वसईची कथा परिचित आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी वसईचा किल्ला जिंकला. तह झाला आणि पोर्तुगीज शिबंदीला सन्मानाने बाहेर पडण्याची मुभा मिळाली. त्यानंतर वसईच्या ओसाड पडलेल्या मंदिरांतील घंटा विजयचिन्हे म्हणून महाराष्ट्रभर गेल्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळावर अशी घंटा आहे आणि तिच्यावर १७२१ हे साल आहे. वाईजवळ मेणवलीस नाना फडणीसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर दुसरी आहे. तिच्यावर १७०७ हे साल असून बाळ येशूला घेतलेल्या मरियेची आकृती आहे. भीमाशंकरलाही अशीच एक घंटा टांगलेली आहे.

शिपायाने शत्रूच्या घरून काही घेऊन यावे ही प्रथा कोणत्याही एका देशाची किंवा एका धर्माची नव्हे, हे या घंटा सांगतात. परंतु त्या आणखीही एक गोष्ट सांगतात. त्या वितळवून तोफा ओतल्या गेल्या नाहीत. परक्या देवाच्या घरातून आल्या तरी त्या देवाच्याच घरी टांगल्या गेल्या. त्यांच्यावरील साल, क्रूस आणि मरियेची आकृती कोणी घासून काढली नाही. आज मेणवलीच्या घाटावर उभा राहणारा माणूस कोणत्याही धर्माचा असो, त्याला ती घंटा कोठून आली हे तिच्या अंगावरच वाचता येते. जिंकून आणलेली वस्तू कशी सांभाळावी याचा एक नमुना नकळत तेथे घडून गेला आहे.

आता विसाव्या शतकाकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या रणभूमीवर भारतीय सैन्याच्या ४ थ्या, ८ व्या आणि १० व्या डिव्हिजन लढल्या. सुमारे ५०,००० भारतीय सैनिक तेथे होते आणि त्यांपैकी ५,७८२ जण परतले नाहीत. त्यांत मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी होत्या. नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ रोजी उत्तर टायबरच्या खोऱ्यात वीरमरण आले. शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या काठी गोळीबारातून जखमी सोबत्यांना वाचविले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे यांचा तो मरणोत्तर होता.

मे १९४५ मध्ये जर्मन फौजा शरण आल्या आणि शस्त्रांचे ढीग पडले. दोस्त राष्ट्रांच्या सर्वच सैन्यांतील शिपायांना या ढिगांतील एक वस्तू विशेष प्रिय होती आणि ती म्हणजे जर्मन खंजीर. तो हलका, दिसायला देखणा आणि किटबॅगेत सहज मावणारा. अमेरिकन सैन्यात तर अशी वस्तू घरी नेण्यासाठी वरिष्ठ अधिकाऱ्याच्या सहीचा दाखला मिळे. हे खंजीर बहुतांशी झोलिंगेन या शहरात घडलेले होते. ज्या शहरातील पाती तीनशे वर्षांपूर्वी फिरंग म्हणून दख्खनमध्ये येत होती, तेच हे शहर.

या खंजिरांविषयी संग्राहकांना माहीत असलेली आणि सामान्य माणसाला सहसा ठाऊक नसलेली गोष्ट अशी की त्यांतील बहुसंख्य खंजीर लढण्यासाठी नव्हतेच. जर्मन सेनाधिकाऱ्यांसाठी १९३५ मध्ये ठरविण्यात आलेला खंजीर समारंभाच्या वा फिरायला जाण्याच्या पोशाखावर लटकविण्याचा होता. त्याने रणांगण पाहिलेले असेलच असे नाही. नाझी पक्षाच्या एस.ए. आणि एस.एस. या दलांचे खंजीर १९३३ चे. त्यांचा घाट सोळाव्या शतकातील स्विस खंजिरावरून घेतला होता, म्हणजे नव्या सत्तेला जुन्या परंपरेचा मुलामा हवा होता. एकाच्या पात्यावर सर्व काही जर्मनीसाठी अशा अर्थाचे शब्द कोरलेले, तर दुसऱ्याच्या पात्यावर निष्ठा हीच माझी प्रतिष्ठा अशा अर्थाचे. शब्द उदात्त आहेत; परंतु ज्या दलाने ते पात्यावर कोरून घेतले त्याच दलाने छळछावण्या चालविल्या. निष्ठा कोणाशी, हा प्रश्न न विचारता वाहिलेली निष्ठा माणसाला कोठवर नेते, हे त्या खंजिराइतके स्पष्टपणे क्वचितच कोणती वस्तू सांगेल.

१९३४ च्या आरंभी एस.ए.चा प्रमुख अर्न्स्ट र्‍योम याने दलातील जुन्या सदस्यांना वाटलेल्या खंजिरांवर मैत्रीचे शब्द आणि आपली सही कोरविली होती. त्याच वर्षी, जुलैच्या आरंभी, हिटलरने त्याचा काटा काढला आणि ते शब्द घासून टाकण्याचे हुकूम सुटले. पुष्कळांनी ते यंत्रावर घासले. आज त्या घासल्याच्या खुणा भिंगाखाली पाहून संग्राहक खंजिराची पारख करतात. पुसून टाकलेला इतिहासही खूण ठेवून जातो.

या पात्यांचा बाजार आज जगभर आहे आणि जेथे बाजार आहे तेथे बनावट आहे. युद्ध संपल्यावर झोलिंगेनमध्येच उरलेले सुटे भाग जोडून खंजीर तयार होत आणि ते वर्चस्व गाजविणाऱ्या फौजांतील शिपायांना विकले जात. म्हणजे 'शत्रूच्या कमरेचा' म्हणून घरी नेलेला एखादा खंजीर शत्रूच्या कमरेला कधी लागलाच नसेल. पुढे तर पूर्णपणे नव्याने घडविलेल्या प्रतिकृतींचा सुळसुळाट झाला. आजोबांनी सांगितलेली गोष्ट खरी आणि वस्तू खोटी, किंवा वस्तू खरी आणि गोष्ट वाढविलेली, अशा दोन्ही शक्यता मनात ठेवूनच अशा वस्तूकडे पाहावे लागते. खुद्द जर्मनीत नाझी चिन्हांचे सार्वजनिक प्रदर्शन कायद्याने निषिद्ध आहे. अभ्यास आणि शिक्षण यांसाठी तेवढी सवलत आहे. ज्या राष्ट्राने तो खंजीर घडविला त्यानेच त्याला भिंतीवरून उतरवून अभ्यासाच्या टेबलावर ठेवले आहे.

मग ज्या घरात असे पाते आहे त्या घराने काय करावे? ते नदीत फेकून देणे सोपे आहे आणि भंगारात घालणे त्याहूनही सोपे. परंतु त्यामुळे हिंसा कमी होत नाही, केवळ साक्षीदार नाहीसा होतो. उलट ते झळाळी देऊन दिवाणखान्यात टांगणे म्हणजे साक्षीदाराला दागिना बनविणे होय. गेथशेमनीच्या बागेत पेत्राने तलवार उपसली तेव्हा प्रभूने त्याला ती परत तिच्या जागी ठेवायला सांगितले. ती मोडून टाक असेही सांगितले नाही आणि मिरव असेही सांगितले नाही. वस्तूला तिची योग्य जागा असते, ती शोधणे हे आपले काम.

पहिली गोष्ट, लिहून ठेवावे. कोणी आणले, कोणत्या पलटणीत असताना, कोणत्या साली, कोणत्या गावाहून, आणि हे आपल्याला कोणी सांगितले. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही असेच लिहावे. ग्रँट डफच्या पेटीवर एवढा प्रामाणिकपणा असता तर दोनशे वर्षांचा वाद टळला असता. सेवापुस्तिका, पदके, पत्रे ही त्या पात्यापासून वेगळी करू नयेत. पात्यावरील अक्षरे वा छाप घासून काढू नयेत, गंजही जाणकारावाचून खरवडू नये.

दुसरी गोष्ट, कायदा पाहावा. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे खंजीर, संगिनी आणि तलवारी २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार शस्त्रांच्या वर्गात मोडतात. आपल्या भागात त्यांसाठी परवाना लागतो किंवा नाही हे पोलीस ठाण्यात विचारून घ्यावे, यात लाज वाटण्याचे कारण नाही. पाते शंभर वर्षांहून जुने असेल तर ते १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावशेष ठरू शकते आणि ते परस्पर परदेशी पाठविता येत नाही.

तिसरी गोष्ट, घरात ते सांभाळणारे कोणी नसेल तर संग्रहालयाचा विचार करावा. आपल्या शहरातच छत्रपती शिवाजी महाराज पुराणवस्तू संग्रहालय आहे. तेथे जुनी शस्त्रे आणि चिलखते सांभाळलेली आहेत. एका घरातील ट्रंकेत मुकी पडलेली वस्तू तेथे शेकडो मुलांशी बोलू शकते.

आणि या सर्वांहून आधी करण्याची गोष्ट म्हणजे घरातील वृद्धांना विचारणे. दुसऱ्या महायुद्धाला ऐंशी वर्षे उलटली. ते युद्ध पाहिलेली माणसे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. पण त्यांच्या तोंडून ऐकलेली मुले आज सत्तरीत आहेत. पाते थांबू शकते, माणूस थांबत नाही.

शेवटी इटलीतीलच एक गोष्ट. यशवंत घाडगे ज्या प्रदेशात पडले तेथील मोंतोने या लहानशा गावी २०२३ मध्ये त्यांचे स्मारक उभारण्यात आले. माणगाव तालुक्यातून गेलेल्या त्या नाईकाचे ते स्मारक म्हणजे तोफ नव्हे, तलवार नव्हे, तर एक सूर्यघड्याळ आहे. त्यावर आपण सारे एकाच सूर्याखाली आहोत, अशा अर्थाचे लॅटिन शब्द कोरलेले आहेत. ज्या देशात आपली मुले परक्यांच्या युद्धात लढून पडली त्या देशाच्या लोकांनी त्यांची आठवण म्हणून सावलीने वेळ सांगणारा एक दगड निवडला. ट्रंकेच्या तळाशी गुंडाळून ठेवलेले पाते हीही त्याच माणसांची आठवण आहे. ते उलगडून पाहताना धारेपेक्षा त्यामागच्या माणसांकडे, आणणाऱ्याकडे आणि ज्याच्याकडून ते आले त्या निनावी माणसाकडेही, आपले लक्ष गेले, तर ते पाते खऱ्या अर्थाने घरी आले असे म्हणता येईल.